गर्भारपणाआधीची पालेभाजी : मुंबईतील 'सरस' प्रयोगाचे प्रकरण

पालेभाजी खावी असे सांगताना आपल्याकडे सहसा कोष्टकाचा आधार घेतला जातो. शंभर ग्रॅम कच्च्या पानांत लोह किती, कॅल्शियम किती, फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) किती, हे आकडे वाचून दाखवले की सांगणाऱ्याचे काम संपते. ती पाने निवडून, धुऊन, चिरून, शिजवून आणि घरातल्या माणसांत वाटून झाल्यावर एखाद्या बाईच्या पोटात नेमकी किती गेली, आणि गेल्यावर तिच्या शरीरात काय घडले, याचे उत्तर कोष्टकात नसते. ते उत्तर हजारो बायकांच्या बाबतीत, काही वर्षे चिकाटीने शोधण्याचा एक प्रयत्न २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला. 'मुंबई मॅटर्नल न्यूट्रिशन प्रोजेक्ट' हे त्याचे औपचारिक नाव; तो 'सरस' या नावानेही ओळखला जातो. वांद्र्याच्या सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज या संस्थेतील डॉ. रमेश पोतदार आणि त्यांचे सहकारी, तसेच इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी तो उभा केला. त्याचे निष्कर्ष अनेकदा अर्धवट सांगितले जातात, म्हणून येथे ते सविस्तर मांडले आहेत.

प्रयोगाची कल्पना मुळात पुणे जिल्ह्यातली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा बारकाईने अभ्यास केला. या बायका शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ, सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या होत्या. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांच्या आहारातून दिवसाला सुमारे १,७७० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती, आणि त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन २,६६५ ग्रॅम भरले. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे मानले जाते, हे लक्षात घेतले तर ही सरासरी त्या रेषेपासून फार दूर नव्हती. अशा ठिकाणी ज्या बाईला भाकरी आणि डाळ जास्त मिळते तिचे बाळ मोठे असणार, असाच कुणाचाही अंदाज असता. आहाराचा हिशेब पाहणाऱ्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जे प्रसिद्ध केले, ते या अंदाजाला धरून नव्हते. एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो अठराव्या आठवड्यात घेतलेल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाल्लेल्या पालेभाज्यांशी व फळांशी. ज्या बायकांच्या तांबड्या रक्तपेशींत फोलेट जास्त होते, त्यांची बाळेही वजनाने जास्त होती.

मात्र हे सारे निरीक्षण होते, आणि निरीक्षणात एक अडचण कायम असते. जिच्या ताटात वरचेवर मेथी किंवा माठ येतो तिच्या घरी कदाचित विहिरीवरचा वाफा असतो, नवरा बाजारातून जुडी आणणारा असतो, सासू सुनेच्या खाण्याकडे लक्ष देणारी असते. बाळाचे वजन भाजीने वाढले की या साऱ्या बाकीच्या गोष्टींनी, हे नुसत्या नोंदींवरून सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बायकांचे दोन गट पाडून एकीला भाजी द्यावी लागते आणि दुसरीला देता येत नाही. मुंबईच्या प्रयोगाचे प्रयोजन इतकेच होते.

प्रयोगात घेतलेल्या बायका विवाहित, चाळिशीच्या आतल्या, आणखी मूल हवे असलेल्या, पण नोंदणीच्या वेळी गरोदर नसलेल्या अशा होत्या. मुंबईतच बाळंत होण्याचा त्यांचा विचार असावा, ही अटही होती. बाळंतपणासाठी माहेरी किंवा गावी जाण्याची आपली रीत पाहता ही अट किती बायकांना बाहेर ठेवणारी असेल याची कल्पना येते, पण तिच्याशिवाय बाळाचे वजन करणेच शक्य झाले नसते. वय आणि उंचीच्या मानाने वजन हे दोन्ही पाहून, त्या त्या थरातल्या बायका दोन्ही गटांत सारख्या येतील अशी वाटणी केली होती. एकूण ६,५१३ बायका अशा रीतीने दोन गटांत विभागल्या गेल्या.

या बायकांना द्यायचा खाऊ कसा असावा, यावर या मंडळींनी केलेला विचार मला प्रयोगाच्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. गोळी देणे सोपे होते. तरीही त्यांनी अन्न निवडले, कारण पुण्याच्या नोंदींत संबंध दिसला होता तो अन्नाशी, आणि एका पानात किती द्रव्ये एकत्र असतात ते कोणत्याही एका गोळीत बसवणे अवघड आहे. पण अन्न म्हणून डब्यात पालकाची पातळ भाजी भरून पाठवली असती, तर ती कुणी खाल्ली याचा पत्ता लागला नसता. म्हणून पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून समोसा किंवा भजी यांसारखा, रस्त्यावरच्या गाडीवर मिळतो तशा चवीचा, हातात घेऊन खाता येणारा पदार्थ तयार केला गेला, आणि तो वस्तीतल्या केंद्रावर येऊन तेथेच खायचा असे ठरले. कुणी किती खाल्ले याची नोंद केंद्रावर होत असे. दुसऱ्या गटाचा पदार्थही तशाच प्रकारचा, पण बटाटा, कांदा अशा, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा होता.

या व्यवस्थेत एक गोष्ट आपोआप साधली, आणि माझ्या मते तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. घरच्या पातेल्यातल्या पालेभाजीचे गणित सगळ्या बायकांना माहीत आहे: दोन जुड्या निवडायला अर्धा तास जातो, शिजल्यावर त्यांची मूठभर भाजी होते, ती आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात पडते, आणि शेवटी जेवणारीच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचा डाळीचा रस आणि चार पाने येतात. घरात आठवड्यातून चार वेळा पालेभाजी होते असे सांगणारी बाई खोटे बोलत नसते. पण त्यातली ती स्वतः किती खाते, हा प्रश्न वेगळा आहे. केंद्रावर उभे राहून खाल्लेला पदार्थ वाटून देता येत नाही. तिचा वाटा तिच्याच पोटात जातो.

पदार्थात पाने किती घालता येतील, यालाही मर्यादा होती. ताज्या पालेभाजीत दहातले नऊ भाग पाणीच असते, त्यामुळे लहान पदार्थात ताजी पाने फार मावत नाहीत. यासाठी ताज्या पानांबरोबर वाळवलेल्या पानांची पूडही वापरली गेली. वाळवण्यात क जीवनसत्त्व बरेचसे जाते आणि उघड्या उन्हात वाळवले तर बीटा कॅरोटीनही (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) घटते, हे खरे आहे. पण लोह आणि कॅल्शियम यांसारखी खनिजे राहतात. तळण्याला नाके मुरडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बीटा कॅरोटीन स्निग्धाबरोबरच आतड्यातून शोषले जाते. एवढे करूनही एका दिवसाच्या पदार्थातून बीटा कॅरोटीन, रायबोफ्लेविन, फोलेट, बी-१२, कॅल्शियम आणि लोह यांच्या दैनंदिन गरजेचा १० ते २३ टक्केच भाग मिळत होता. बटाट्या-कांद्याच्या पदार्थातून तो ० ते ७ टक्के होता. म्हणजे हा कोणताही मोठा डोस नव्हता. घरच्या जेवणावर रोज वाटीभर चांगली भाजी आणि थोडे दूध वाढवावे, इतकाच तो फरक होता.

खाऊ गर्भ राहण्याआधी सुरू करण्यामागे शरीरशास्त्राचे कारण होते. ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते आणि वार रुजण्याचे कामही पहिल्याच आठवड्यांत होते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन, घरात सांगून, दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत हा काळ मागे पडलेला असतो. पुण्यातल्या आहाराच्या नोंदी अठराव्या आठवड्यापासूनच्या होत्या; मुंबईत त्याच्याही आधीची बाजू पाहायची होती. किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतलेल्या बायकांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडायचा, हेही म्हणून ठरले होते.

आता निष्कर्षांकडे वळू. नोंदवलेल्या ६,५१३ बायकांपैकी २,२९१ गरोदर राहिल्या, १,९६२ जणींना एकेक जिवंत बाळ झाले आणि त्यांपैकी १,३६० बाळांची मोजमापे घेता आली. ही गळती मोठी आहे. झोपडपट्टीतल्या माणसांचे स्थलांतर आणि बाळंतपणाच्या वेळी बदलणारे बेत पाहता ती समजण्यासारखी आहे, पण निष्कर्ष वाचताना ती विसरता येत नाही. पालेभाजी, फळे आणि दूध ज्यांच्या वाट्याला आले त्या साऱ्या बायका एकत्र धरल्या, तर त्यांच्या बाळांचे वजन सरासरी २६ ग्रॅमनी जास्त होते, आणि इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. २०१४ साली अमेरिकेतील एका आहारशास्त्रीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा संशोधकांनी निष्कर्षाचे पहिले वाक्य म्हणून हेच लिहिले: सरसकट पाहता जन्मवजन वाढले नाही. पालेभाजीच्या बाजूने बोलणारे लोक नेमके हे वाक्य गाळतात.

गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेत असलेल्या बायकांपुरते पाहिले तर चित्र थोडे बदलते. पालेभाजीच्या गटात बाळांचे सरासरी वजन बटाट्या-कांद्याच्या गटापेक्षा ४८ ग्रॅमनी जास्त भरले. हा फरक १ ते ९६ ग्रॅमच्या दरम्यान कुठेही असू शकतो असे गणित सांगते, म्हणजे तो ठाम म्हणता येईल त्या रेषेवर जेमतेम उभा आहे. अडीच किलोच्या खालच्या बाळांचे प्रमाणही या गटात कमी होते. बाळे किती आठवड्यांनी जन्मली, त्या बाबतीत दोन गटांत फरक पडला नाही. म्हणजे जे काही वाढले ते तेवढ्याच दिवसांत वाढले.

खरा विचार करायला लावणारा भाग याच्या पुढे आहे. बायकांचे उंचीच्या मानाने वजन पाहून तीन भाग केले असता, सर्वांत किडकिडीत हिश्श्यात, म्हणजे ज्यांचा देहभार निर्देशांक (बीएमआय) १८.६ च्या खाली होता त्यांच्यात, आधीपासून खाऊ घेऊनही बाळाचे वजन वाढले नाही. उलट सरासरी ८ ग्रॅमनी कमी भरले, जो फरक नसल्यात जमा आहे. मधल्या हिश्श्यात ते ७९ ग्रॅमनी आणि वरच्या हिश्श्यात, निर्देशांक २१.८ च्या वर असलेल्यांत, ११३ ग्रॅमनी वाढले. ज्या बाईला मदतीची सर्वांत जास्त गरज असल्याचे आपण गृहीत धरतो, तिच्याच बाळापर्यंत मदत पोचली नाही.

असे का व्हावे, याचे एक पटणारे उत्तर असे आहे की, उपाशी शरीर जादा मिळालेले अन्न प्रथम स्वतःची झीज भरून काढण्यासाठी वापरते. फोलेट आणि लोह यांच्या साहाय्याने नवे ऊतक बांधायचे तर बांधकामाला प्रथिने आणि उष्मांक लागतात. तेच अपुरे असतील तर गवंडी हजर आणि विटा नाहीत अशी अवस्था होते. हा माझा अर्थ आहे, प्रयोगाने सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. पण तो मान्य केला तर हिरव्या पानांची जागा स्वच्छ दिसते: ती पोटभर जेवणाच्या वर चढवायची असतात, जेवणाच्या जागी नव्हे. वजन कमी करण्यासाठी भाकरी-भात सोडून वाटीभर पालकाच्या सूपवर दिवस काढणाऱ्या, लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच लग्न झालेल्या मुली आज शहरात पुष्कळ आहेत. मुंबईच्या त्या किडकिडीत हिश्श्याची गोष्ट त्यांनाही लागू पडू शकते, जरी त्यांच्या उपासाचे कारण गरिबी नसले तरी.

दुसरा निष्कर्ष २०१६ साली वेगळा प्रसिद्ध झाला आणि तो जन्मवजनापेक्षा स्पष्ट होता. अठ्ठाविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या दरम्यान १,००८ बायकांची ग्लुकोज पाजून तपासणी केली असता, पालेभाजी-फळे-दुधाच्या गटात ७.३ टक्के बायकांना, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायकांना गरोदरपणातील मधुमेह आढळला. खाऊ खाऊन बायकांचे वजन किती वाढले हे हिशेबात घेतल्यावरही हा फरक टिकला. गरोदरपणातला मधुमेह पुढे आईला कायमचा मधुमेह होण्याची शक्यता वाढवतो, त्यामुळे वजनाच्या ४८ ग्रॅमपेक्षा हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो; मात्र प्रयोग मुख्यतः जन्मवजनासाठी आखला होता, हेही येथे सांगणे आवश्यक आहे.

या प्रकरणाला दोन मोठ्या मर्यादा आहेत. पहिली अशी की, हिरव्या पदार्थात सुमारे १६५ किलोकॅलरी आणि ६.४ ग्रॅम प्रथिने होती, तर दुसऱ्यात सुमारे ८८ किलोकॅलरी आणि २.४ ग्रॅम प्रथिने. फरक पानांचा की उष्मांकांचा, हा प्रश्न त्यामुळे पूर्णपणे मिटत नाही. दुसरी मर्यादा आमच्यासारख्या पालेभाजीच्या भक्तांना अधिक टोचणारी आहे: पाने, फळे आणि दूध एकाच पदार्थात होती, म्हणून श्रेय कुणाला द्यायचे हे सांगताच येत नाही. दुधाचा वाटा हलका समजू नये. पानांत फोलेट भरपूर असते, पण बी-१२ नसते. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच यायचे. पुण्याच्याच बायकांच्या मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा, आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था) जास्त आढळला होता. म्हणून पालेभाजीबरोबर वाटीभर ताक किंवा दही असणे ही चवीपुरती गोष्ट राहत नाही. ताकातली चाकवताची किंवा पालकाची भाजी करणाऱ्यांनी हे आकडे पाहिले नव्हते, तरी त्यांचे पातेले बरोबर होते.

घरच्या स्वयंपाकाच्या दृष्टीने या प्रकरणातून काय घ्यावे, याबद्दल माझे मत असे आहे. रोजचा नियम हाच प्रयोगाचा कणा होता. आठवड्यातून एकदा भरपूर भाजी करून तो साधत नाही, आणि रोज जुडी निवडणे नोकरी करणाऱ्या बाईला झेपत नाही. त्यामुळे भाजी हा स्वतंत्र पदार्थ न मानता ती इतर पदार्थांत मिसळणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. मेथीचे थालीपीठ, शेपूची मुगाची डाळ घालून केलेली भाजी, कोथिंबिरीची वडी, मुळ्याचा पाला घातलेला झुणका, शेवग्याची कोवळी पाने टाकलेले वरण हे सारे त्या मुंबईच्या समोशाचेच भाऊबंद आहेत, आणि ते प्रत्येकाच्या पानात मोजून पडतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. पाने चिरण्याआधी धुवावीत. चिरून धुतली की फोलेट आणि क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. हिरवा रंग राहावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची सवय सोडावी, कारण त्याने क आणि ब-१ जीवनसत्त्वांचा नाश होतो. पालक आणि माठ यांत ऑक्झलेट (कॅल्शियमला बांधून ठेवणारे द्रव्य) भरपूर असल्याने त्यांच्यातले कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही. मेथीत ते पुष्कळच कमी असते. उकडून पाणी टाकले तर ऑक्झलेट कमी होते, पण फोलेटही त्याच पाण्याबरोबर जाते, तेव्हा मुतखड्याचा त्रास नसेल तर ते पाणी टाकू नये. अळूची गोष्ट निराळी आहे. ते नीट शिजवून त्यात चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत घशाची खवखव टाळण्यासाठी आहे आणि ती पाळलीच पाहिजे.

लोहाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. पानांतले लोह शरीरात कमी शोषले जाते. वर लिंबू पिळल्याने ते सुधारते आणि जेवणानंतर लगेच चहा घेतल्याने बिघडते. 'सरस'च्या पदार्थानेही लोहाच्या गरजेचा लहानसाच भाग भागत होता. ज्या बाईचे हिमोग्लोबिन खाली गेले आहे तिला डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी बंद करून भाजीवर सोडणे हा तिच्यावर अन्याय आहे, मग सांगणारा कितीही आत्मविश्वासाने सांगो. गर्भ राहण्याआधी द्यायच्या फॉलिक आम्लाच्या गोळीचेही तसेच.

मुंबईच्या बाजारातून येणारी पाने कोणत्या पाण्यावर वाढली, हा प्रश्न या शहरात टाळता येत नाही. लोहमार्गालगतच्या वाफ्यांवर गटाराचे पाणी दिले जाते ही तक्रार जुनी आहे. धुण्याने माती आणि काही प्रमाणात जंतू जातात. पानात मुरलेले जड धातू जात नाहीत. एकाच ठिकाणची, एकच भाजी रोज न घेता पालटून घेणे, इतकाच उपाय ग्राहकाच्या हाती आहे, आणि तो अपुरा आहे.

राहिला प्रश्न हे सारे प्रयोगाबाहेर कसे करायचे याचा. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना चालते. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, पूर्ण जेवण दिले जाते. 'सरस'च्या चष्म्यातून पाहिले तर तिच्यात दोन गोष्टी बरोबर साधल्या आहेत: जेवण अंगणवाडीत बसून खायचे असल्याने बाईचा वाटा बाईलाच मिळतो, आणि ते पूर्ण जेवण असल्याने किडकिडीत बाईला नुसत्या पानांवर विसंबावे लागत नाही. तिसरी गोष्ट राहून जाते. अंगणवाडीच्या वहीत नाव चढते ते दिवस राहिल्यावर. त्याआधीचे तीन महिने, ज्यांच्यावर मुंबईतला तो ४८ ग्रॅमचा फरक उभा होता, त्या काळात ती नुकतीच लग्न होऊन आलेली सून असते, आणि तिचे नाव त्या वहीत नसते.